मागच्या दाराने आलेला आरसा

“आधी थरथर बघ. जेवढी असेल तेवढाच उलटा वाक. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. आणि काम झालं की पुन्हा सपाट हो.”

हा हिसाओ अंकलचा आवाज. मला पहिल्यांदा जागं केलं तेव्हा ते हे म्हणाले होते, आणि पुढे रोज संध्याकाळी काम सुरू करण्याआधी हेच म्हणत. देवापुढे दिवा लावताना एखादी बाई दोन ओळी पुटपुटते ना, अगदी तसं. कुणी ऐकावं म्हणून नाही. नेम म्हणून.

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. ‘मित्रांनो’ म्हणतो आहे ते रीत म्हणून. ज्या वर्गाची हकीकत मी सांगणार आहे, त्या वर्गात मला एकही मित्र नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तिथलं कुणी आवडत नव्हतं.

माझा आकार तळहाताएवढा. काच उडदाच्या पापडासारखी पातळ आणि तिच्यावर चांदीचा मुलामा. माझ्या पाठीला शेकडो बारीक दट्टे चिकटवलेले आहेत. कुणी मला मागून जरासं ढकलतो, कुणी जरासं ओढतो. त्यामुळे माझ्या तोंडावर उंचवटे आणि खळगे उमटतात. ते एवढे सूक्ष्म असतात की तुमच्या डोक्याच्या एका केसाची जाडीही त्यांच्यापुढे डोंगर वाटावी. जगातले बाकीचे आरसे सपाट राहिले, किंवा दिलेला एकच बाक जन्मभर सांभाळून बसले, म्हणून शाबासकी मिळवतात. मला शाबासकी मिळाली ती वाकण्याबद्दल.

वाकायचं कशासाठी, ते सांगतो. ताऱ्याचा प्रकाश हजारो वर्षं चालत येतो. वाटेत त्याला काहीही होत नाही. जसा निघाला तसाच तो येतो, इस्त्री केलेल्या कापडासारखा. शेवटच्या क्षणी तो आपल्या हवेत शिरतो आणि चुरगळतो. दुपारी डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते आणि पलीकडचं घर नाचायला लागतं, ते तुम्ही पाहिलं असेल. तसंच वरच्या हवेचंही असतं. कुठे गरम, कुठे गार, आणि सगळी हलती. तारा लुकलुकतो म्हणून लहान मुलं गाणी म्हणतात. तारा मुळीच लुकलुकत नाही. लुकलुकते ती तुमची हवा. तिच्यातून बघणाऱ्या मोठ्या दुर्बिणीला ताऱ्याच्या जागी एक पिंजलेला कापूस दिसतो.

तो कापूस पुन्हा ठिपका करायचा, हे माझं काम. मी एकटा ते करत नसे. माझा एक जोडीदार होता. त्याला आम्ही ‘डोळा’ म्हणायचो. त्याच्यात माशीच्या डोळ्यासारखी कितीतरी इवली भिंगं होती, आणि प्रत्येक भिंग प्रकाशाचा एकेक ठिपका पाडी. प्रकाश न चुरगळता आला तर ते ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीत बसत. चुरगळून आला की ठिपके जागा सोडत. कुठला किती सरकला यावरून गणकयंत्र हिशोब करी आणि माझ्या दट्ट्यांना हुकूम सोडी. सुरकुती जशी, तसा मी उलटा. सुरकुती माझ्यावर पडे आणि तिथेच विरून जाई. डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात हे शेकडो वेळा व्हायचं.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती पदराला गाठ मारून ठेवा, पुढे लागेल. डोळ्याला बघायला एक ठळक तारा लागतो, आणि तो आपल्याला हव्या असलेल्या अंधुक ताऱ्याच्या अगदी शेजारचा असावा लागतो. कारण दोघांचा प्रकाश एकाच हवेतून यायला हवा. लांबच्या ताऱ्याकडे बघून हवेचा हिशोब केलात तर तो भलत्याच हवेचा हिशोब होतो. शेजारी तारा नसेल तर आम्ही एक पिवळी किरणशलाका आभाळात सोडायचो. ती उंच हवेतल्या सोडियमच्या कणांवर आदळून चमके आणि तिथे आमच्यापुरता एक खोटा तारा उभा राही.

माझी कामाची वर्षं मौना नावाच्या डोंगरावरच्या दुर्बिणीत गेली. त्या बेटावरच्या हिलो गावातली माणसं त्या डोंगराला नुसतं ‘मौना’ म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं. ढग खाली राहतात, माथ्यावर वारा आणि काळे दगड. सूर्य बुडाला की मी तोंड उघडायचो. एकदा आमच्यापुढे एक धूसर डाग होता. मी वाकलो आणि त्या डागाचे दोन तारे झाले, एकमेकांना खेटून बसलेले. पडद्यासमोर बसलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हिसाओ अंकलनी डब्याचं निळं फडकं सोडलं, भाताचा गोळा तोंडात घातला आणि म्हणाले, “बरा वाकलास.” मला तेवढं पुरे होतं.

पण त्याच वर्षांत खाली रस्त्यावर माणसं येऊन बसू लागली. म्हाताऱ्या बायका गोधड्या गुंडाळून घडीच्या खुर्च्या टाकत आणि वर जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेत बसत. मौनावर आणखी बांधकाम नको, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पूर्वजांच्या माथ्यावर पाय देताना आम्हाला विचारलंत का, हा त्यांचा प्रश्न. मी काही तो रस्ता पाहिलेला नाही. वर आल्यावर हिसाओ अंकल माझ्यावरचं आवरण काढता काढता जे सांगत, तेवढंच मला ठाऊक.

त्या खुर्च्यांपैकी एकीवर लेइमोमी बसायची. ती त्यांची कुंपणापलीकडची शेजारीण. आपल्या झाडाचे भाजीचे फणस, ज्यांना तिथे ‘उलू’ म्हणतात, ती वर्षानुवर्षं कुंपणावरून त्यांच्या हातात देत आली होती. ते तिचा भाताचा कुकर दुरुस्त करून देत. त्या दिवशी तिने त्यांची गाडी थांबवली.

“हिसाओ, माझे उलू खाऊन मोठी झाली तुझी पोरगी. तू तरी एकदा विचारायचंस.”

“मी कोण विचारणारा, लेइमोमी? मी साधा तंत्रज्ञ. मला तरी कोण विचारतं?”

“म्हणजे तुला कुणी विचारत नाही म्हणून तू कुणाला विचारत नाहीस. चांगली रीत आहे.”

अंकल म्हणाले, “तो आरसा मी माझ्या हातानं वर नेलाय. निवृत्त झालो की माझ्या हातानं खाली आणीन. तुझ्या दारात उभा राहीन आणि विचारीन.”

“आणि मी नाही म्हणाले तर?”

“तर नाही.”

“बघू. खुर्ची दारातच ठेवते.”

हे वचन त्यांनी मला सांगितलं. घरी नाही. घरी त्या रस्त्याचं नाव काढायची सोय उरली नव्हती. त्या दिवसापासून कुंपणावरून उलू येणं बंद झालं आणि कुकर बिघडला तो बिघडलेलाच राहिला.

पुढे माझे तीन दट्टे निकामी झाले. तीन ठिकाणी मी वाकेनासा झालो. माझ्या जागी नवा आरसा आला, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त दट्ट्यांचा आणि तेवढ्याच तोऱ्याचा. मला पेटीत घातलं आणि पेटी कपाटात गेली. ज्या हातांनी मला टाळ्या दिल्या होत्या त्यांनीच माझ्यावर जुन्या तारांची वेटोळी टाकली. अंकल आजारी पडले, डोंगर चढणं त्यांना बंद झालं. आरसा खाली पाठवा म्हणून त्यांनी अंथरुणावरून निरोप पाठवले, विनवण्या केल्या. शेवटी मला खाली आणलं ते दुसऱ्याच माणसांनी. त्यांनी मला अंकलच्या मुलीच्या शाळेत नेऊन पोचवलं. त्याच्या थोडेच दिवस आधी अंकल गेले होते. माझी आणि त्यांची गाठ पडली नाही.

त्यांची मुलगी रेइको विज्ञान शिकवते. मुलं तिला ‘कुमू’ म्हणतात, म्हणजे शिक्षिका. वडिलांची शेवटची वस्तू वर्गात मांडायची आणि तिच्यावर मोठ्या मुलांना हवेची ही विद्या शिकवायची, एवढंच तिने धरलं होतं. त्यासाठी तिने मुख्याध्यापकांना विचारलं. पालकांची संमती आणली. सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

आता त्या शाळेची एक रीत सांगतो. वर्गात कुणी तसंच शिरत नाही. मुलं चपला बाहेर काढतात, पुढच्या दाराशी रांगेत उभी राहतात आणि एका सुरात हाक घालतात. आम्ही आलो आहोत, आम्हाला आत घ्या, अशा अर्थाची ती जुनी आळवणी असते. आतून कुमू तशाच सुरात उत्तर देते. उत्तर आलं की पाय आत. उशिरा आलेल्यालाही हीच रीत आणि पंखा दुरुस्त करायला आलेल्यालाही.

मी आलो त्या दिवशी पाऊस होता. माझ्याबरोबर मेज, भिंगं, डोळा, गणकयंत्र असा पसारा होता आणि तो सगळा ढकलगाडीवर. पुढच्या दाराला पायऱ्या आहेत. रेइको म्हणाली, “मागून घ्या, ओलं होईल सगळं.” मला मागच्या दाराने आत घेतलं गेलं. तिथल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी ती चूक. दुसऱ्या गावी तिला कुणी चूकही म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रांग दाराशी आली. हाक घालायला नेहमी पुढे असायची नोहेआ. तिचा आवाज भरदार, मंदिराच्या गाभाऱ्यात घुमावा तसा. ती लेइमोमीची नात. तिने तोंड उघडलं, मेजावर मला पाहिलं आणि मिटलं.

“कुमू, ते काय आहे?”

“आरसा. वरून आलाय. माझ्या बाबांचा.”

“कुठल्या दारानं आला?”

“मागच्या. ढकलगाडी होती. पाऊस होता.”

“म्हणजे विचारलं नाही.”

“नोहेआ, ती वस्तू आहे. वस्तूला तोंड नसतं.”

“आणणाऱ्याला होतं.”

रेइकोचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. म्हणजे तो माझ्यातच पडला होता, तीन ठिकाणी तुटून. नोहेआ लहानपणी तिला ‘रेइको आंटी’ म्हणायची, तिच्या कडेवर बसून आंबे खायची. आता फक्त ‘कुमू’, आणि तेही शाळेच्या आवारात.

“तो बाहेर जात नाही तोवर मी हाक घालणार नाही,” नोहेआ म्हणाली. आणि तिने हाक घातली नाही म्हणून कुणीच आत आलं नाही.

रोमेल नावाचा एक वात्रट मुलगा होता. त्याला डास चावत होते. तो पुढे झाला, छाती फुगवली आणि हाक घातली. आवाज असा फाटला की छपरावरच्या साळुंक्या उडाल्या. सगळी रांग हसली.

“तुझ्या हाकेला कुमू कशाला, कुत्रं उत्तर देईल,” कुणीतरी म्हणालं.

रेइकोने उत्तर दिलं नाही. थट्टेच्या हाकेला उत्तर द्यायचं नसतं. आणि मलाही बाहेर काढलं नाही. ती बापाच्या वळणावर गेली होती, फक्त वाकणं तेवढं उचललं नव्हतं. तिने मेज दाराजवळ ओढलं आणि आतून शिकवायला लागली. पोरं व्हरांड्यात पाय पसरून बसली. असा तो तास रोज चालू राहिला.

त्या दिवसांत मी काय काय ऐकलं. “डोंगरचोर.” “चांदीचा तवा.” रोमेल दारातून मान घालून म्हणायचा, “आरसा म्हणे! तोंडसुद्धा धड दिसत नाही.” यावर त्याची बहीण म्हणायची, “ते तुझ्या तोंडावर अवलंबून आहे.” कुणी माझ्या पेटीवर केळ्याची साल ठेवली. कुणी खडूने फुली मारली. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे सांगण्याजोगं नाही. कुणाचं वाईट चिंतू नये, हे मला कळतं. पण मी काच आहे, संत नव्हे. ज्यांना ढिगाऱ्यातून मोती निवडून द्यायला आलो, त्यांनी माझ्यावर साली टाकाव्यात? मी निव्वळ सपाट होऊन त्यांच्याकडे बघत राहायचो. वाकायची इच्छाच उरली नव्हती.

मुख्याध्यापक एकदा येऊन व्हरांड्यातला तमाशा बघून गेले. रेइकोला बाजूला घेऊन म्हणाले, “शुक्रवारपर्यंत मुलं आत बसली नाहीत, तर ही पेटी परत जाईल. आणि डोंगरावरच्यांनाही ती नकोच आहे. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, परत आली तर मोडीत काढू.”

“ते माझ्या बाबांचं आहे, सर.”

“म्हणूनच शुक्रवारपर्यंत थांबतोय.”

मोडीत काढणं म्हणजे चांदी खरवडणं, दट्टे उपटणं आणि काच कचऱ्यात. मी पेटीत पडल्या पडल्या ते सगळं मनात पाहून घेतलं.

शुक्रवारी रेइकोने शेवटचा डाव मांडला. एका टोकाला छोटा दिवा, तो आमचा तारा. त्याचा प्रकाश विजेच्या शेगडीवरून जाणार, म्हणजे गरम हवेत चुरगळणार, मग माझ्यावर पडून समोरच्या भिंतीवर. शेजारी दुसरा दिवा, डोळ्याला वाट दाखवायला. तिने शेगडी लावली. भिंतीवरचा तांबडा ठिपका वेडा झाला. फुगला, फाटला, तळ्यातल्या चंद्रासारखा विखुरला.

“आता बघा,” ती दाराकडे म्हणाली, “आरसा चालू केला की हा एकवटेल.”

तिने मला चालू केलं. ठिपका तसाच पिसाळलेला.

व्हरांड्यात हशा पिकला. रोमेल म्हणाला, “कुमू, शेगडी तापलीच आहे तर माझा मुसुबी ठेवा तिच्यावर. भाताचा गोळा तरी गरम होईल.”

रेइकोने तारा तपासल्या. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मला कारण ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. आदल्या दिवशी सराव करताना वाट दाखवणाऱ्या दिव्याचा प्रकाशही शेगडीवरूनच जात होता. डोळ्यातले ठिपके फार नाचायला लागले, म्हणून डोळा गडबडून बंद पडायचा. तेव्हा रेइकोने काय केलं, तर तो दिवा हातभर बाजूला सरकवला, जिथे हवा गार आणि शांत. डोळ्याला आता सगळं रांगोळीसारखं ओळीत दिसत होतं. डोळा मला सांगत होता, सगळं ठीक आहे, वाकायचं काही कारण नाही. मी सपाट पडून होतो, आणि खरा तारा शेजारी आगीवरून तडफडत येत होता.

नोहेआ चौकटीला टेकून उभी होती. एक पाऊलही आत नाही. तिने हसण्यात भाग घेतला नव्हता. ती दोन्ही दिव्यांकडे आळीपाळीने बघत होती, शत्रूच्या घराकडे बघावं तसं, बारकाईने.

“तो भलत्याच हवेकडे बघतोय,” ती म्हणाली.

“काय?”

“तुमचा आरसा. तारा येतोय शेगडीवरून आणि डोळा बघतोय बाजूच्या गार हवेकडे. तिथे काही बिघडलेलंच नाही. मग तो कशाला वाकेल?”

रेइको थबकली. आतापर्यंत तिनेच चार वेळा फळ्यावर काढून शिकवलेली गोष्ट होती ती. वाट दाखवणारा तारा शेजारचाच हवा, एकाच हवेतला. शिकवणारी घाबरली होती आणि ऐकणारी रागावली होती. रागाने ऐकलेलं कधी कधी पक्कं बसतं.

“तो तिथे फार नाचतो म्हणून बाजूला घेतला होता मी,” रेइको हळू म्हणाली.

“हो ना. तुम्ही तेच करता. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, कुमू. सह्यासुद्धा घेतल्यात. जे जे हो म्हणणार होते त्या सगळ्यांना विचारलंत.”

रोमेलने हातातला मुसुबी पुन्हा डब्यात ठेवला.

रेइकोने दिवा उचलला आणि पुन्हा शेगडीजवळ आणून लावला, त्याचा प्रकाश तापलेल्या हवेतूनच जाईल असा. शेगडीची आच थोडी उतरवली, डोळा तग धरेल इतकी. डोळ्यातले ठिपके थरथरले. हुकूम आले. आणि मित्रांनो, इतक्या दिवसांनी मी वाकलो. आधी थरथर बघितली, मग तेवढाच उलटा. मेलेल्या तीन दट्ट्यांपाशी मला जमलं नाही, म्हणून ठिपक्याभोवती एक फिकट कड राहिली. पण भिंतीवर मध्यभागी एक तांबडा कण निश्चल उभा राहिला, जणू समईची वात.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रोमेलची बहीण म्हणाली, “हं.” बस्स.

“झालं का समाधान?” रेइको म्हणाली. तिचा आवाज कडू होता. जिंकल्याचा नव्हे, थकल्याचा. “आता येतेस आत?”

“ठिपका स्थिर झाला म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही.”

“मग काय हवंय तुला? माझे बाबा गेले तेव्हा सगळी गल्ली आली. घरात ठेवायला जागा नव्हती इतकं जेवण आलं. तुझी टूटू कुंपणापलीकडे होती, दहा पावलांवर. आली नाही. एवढा राग मेलेल्या माणसावर?”

टूटू म्हणजे आजी. नोहेआ चौकटीपासून सरळ उभी राहिली.

“ती दारात बसली होती.”

“कसली दारात?”

“खुर्चीवर. रोज बसते. तुमचे बाबा येणार होते. आरसा घेऊन येतो, दारात उभा राहतो, विचारतो म्हणाले होते. तिनं गुडघ्याचं दुखणं काढलं तरी खुर्ची आत घेऊ दिली नाही. आणि मग ते गेले, आणि आरसा आमच्या दारावरून गाडीत घालून इथे आणला. मागच्या दारानं. ती बघत होती.”

शेगडी धगधगत होती. मी जे वचन पेटीतल्या अंधारात सांभाळत आलो होतो, ते या मुलीच्या तोंडून आज व्हरांड्यात पडलं होतं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

“मला ठाऊक नव्हतं,” रेइको शेवटी म्हणाली.

“विचारलं नाहीत.”

रेइकोने शेगडी बंद केली. मलाही बंद केलं. मी सपाट झालो. मग तिने माझ्या पाठीच्या तारा एकेक सोडवल्या, मेजावरचे स्क्रू काढले आणि मला माझ्या चौकटीसह उचललं. मेज राहिलं, भिंगं राहिली, डोळा राहिला. मला एकट्याला न्यायला ढकलगाडी लागत नाही. दोन हात पुरतात. हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं, कारण ती क्षणभर मागच्या दाराकडे बघत उभी राहिली. मग तिने पिशवीतून ते निळं फडकं काढलं, बाबांच्या डब्याचं, आणि त्यात मला बांधलं. फडक्याला अजून भाताचा वास होता.

ती पुढच्या दाराने बाहेर पडली. मुलांनी वाट दिली. मुख्याध्यापक व्हरांड्याच्या टोकाशी उभे होते.

“मुलं आत बसली नाहीत, रेइको.”

“नाही, सर.”

“मग पेटी?”

“पेटी तुम्ही घ्या. आरसा मी घेऊन जातेय. आधी एका ठिकाणी विचारायचं राहिलंय.”

ती पायऱ्या उतरली. नोहेआ तिच्यामागे आली, मग पुढे गेली. घरी जायची वाट दोघींची एकच होती. त्याला दोघींचाही इलाज नव्हता.

“मी तुमच्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही,” नोहेआ पाठ न वळवता म्हणाली.

“नको बोलूस.”

“ती नाही म्हणेल.”

“म्हणू दे.”

“मग काय कराल?”

“मग तो वर्गात येणार नाही.”

“मोडतील त्याला.”

“मोडू दे,” रेइको म्हणाली, आणि फडक्याची गाठ छातीशी आणखी घट्ट धरली.

मित्रांनो, आम्ही वस्तूंनी आपली कथा संपवताना तुमच्याकडे काहीतरी मागायचं, असा पायंडा आहे. माझी निगा फार अवघड नाही. माझ्या तोंडाला बोट लावू नका, धूळ फुंकरीने उडवू नका, तुमचा श्वासही मला ओलसर लागतो. मेलेल्या दट्ट्यांची कीव करू नका, राहिलेल्यांना कामाला लावा. आणि मला कुणाच्या घरी, कुणाच्या डोंगरावर, कुणाच्या वर्गात नेणार असाल, तर ज्याची हवा तापलेली आहे त्याच्या दाराशी आधी जा. गार हवेत उभं राहून मिळालेली परवानगी माझ्या कामाची नाही. मी तिच्यावर वाकू शकत नाही. पुढे माझं काय होईल, ते मला ठाऊक नाही. फडक्यातून मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. चपलांखाली ओली खडी, दूर कुणाच्या तरी अंगणात कोंबडा, आणि माझ्यावर टेकलेल्या छातीतले ठोके.

रेइको चालता चालता हाक पुटपुटत होती. आजवर तिने दारातून फक्त उत्तर दिलं होतं. मागण्याच्या ओळी तिला कधी लागल्या नव्हत्या. पहिली ओळ आली. दुसरीपाशी ती अडखळली. पुन्हा पहिलीपासून धरली, पुन्हा तिथेच अडखळली.

“दुसरी चुकतेय,” पुढून नोहेआ म्हणाली.

“मग सांग.”

“मी का सांगू? मला कुठे आत यायचंय.”

रेइकोने तिसऱ्यांदा पहिली ओळ म्हटली आणि थांबली. पुढे, दहा-बारा पावलांवर, न थांबता, न वळता, त्या भरदार आवाजाने दुसरी ओळ म्हटली. अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा, कच्च्या विद्यार्थ्याला सांगावा तसा. रेइकोने ती मागून म्हटली. मग तिसरी.

गल्लीचं वळण आलं. दारातली खुर्ची सरकल्याचा आवाज मी ऐकला, आणि रेइकोने चपला काढल्या.